तोंडीचे वीस मार्क

मुक्ताई बिराजदारच्या तासाला वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. खडकी बाजाराच्या मागच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती अकरावी-बारावी कॉमर्सला मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकवते. शेजारच्या वर्गातला गलका जिन्यापर्यंत पोचायचा आणि हिच्या वर्गात मात्र बाकाबाकावर खाली घातलेल्या माना आणि चालती पेनं. ती खुर्चीजवळ उभी राहून सावकाश, विरामचिन्हांसकट सांगायची. "इतर परिस्थिती कायम असताना, स्वल्पविराम, वस्तूची किंमत वाढली असता मागणी कमी होते, पूर्णविराम." मुलं उतरवून घ्यायची, बोर्डाच्या पेपरात जसंच्या तसं लिहायची आणि चांगले मार्क आणायची. संस्थेच्या वार्षिक अहवालात अर्थशास्त्राचा निकाल ठळक टायपात छापून यायचा. बुधवार पेठेतल्या एका गाइडवाल्या प्रकाशकाचा तर दर उन्हाळ्यात फोन असायचा: मॅडम, नोट्स द्या, नाव तुमचंच टाकतो.

अशा तासाला कुणी काही विचारत नाही, हे मुक्ताईला सोयीचं होतं. त्याला कारण होतं.

ती मूळची लातूरकडची, औसा तालुक्यातली. वडील एसटीत वाहक. एम.ए. झाल्यावर स्पर्धा परीक्षेसाठी म्हणून पुण्यात आली आणि सदाशिव पेठेत एका खोलीत, सहा कॉटांपैकी खिडकीखालच्या कॉटवर राहू लागली. क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, म्हणून हिने हात वर केला आणि घरच्या बोलीत म्हणाली, "मी सांगूलाले की सर." मागच्या रांगेतून कुणीतरी "लाले, लाले" करून चाल लावली आणि वर्ग हसला. सरही हसले, पण वाईट हेतूने नाही. त्या दिवसापासून मुक्ताईने वर्गात तोंड उघडलं नाही. लिहिण्यात मात्र तिचा हात कुणी धरला नसता. पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षा निघाली. मुलाखतीच्या टेबलासमोर बसली, तेव्हा पाच जण तिच्याकडे पाहत होते आणि तिला आपला आवाज सापडेना. शेतमालाच्या हमीभावावर तिने मुख्य परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. त्याच विषयावरच्या साध्या प्रश्नाला ती "हो सर" एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं.

मग बी.एड. केलं, खडकीत आधी तासिका तत्त्वावर आणि नंतर कायम अशी नोकरी लागली. उत्तरेश्वरशी लग्न झालं. तो त्याच क्लासमधला, पण वेळीच शहाणा होऊन चिंचवडच्या एका कंपनीत स्टोअरला लागलेला. दोघं बोपोडीत राहू लागली. मुक्ताईची भाषा इतक्या वर्षांत पुणेरी झाली होती. 'ळ' आणि 'ण' तर पेठेतल्यांपेक्षा स्वच्छ. पण ठरलेल्या वाक्यांपलीकडे तिला कुणी नेलं की ती अजून बावरायची. म्हणून तिने वाक्यंच ठरवून टाकली होती.

बारावीच्या अर्थशास्त्राला लेखी परीक्षेबरोबर वीस मार्क तोंडी आणि प्रकल्पाचे असतात. हे वीस मार्क हा सगळ्यांनी मिळून पाळलेला एक शिष्टाचार होता. एखाद्या दुपारी शिक्षकांनी चहा घेत घेत यादी भरायची. कुणाला अठरा, कुणाला एकोणीस, लाडक्याला वीस. परीक्षा घ्यायला वेळ कुणाला होता? मुक्ताईही तसंच करत आली होती. एका वर्षी तिने अशाच यादीत एका मुलाला एकोणीस मार्क दिले. तो मुलगा दिवाळीनंतर कॉलेज सोडून आयटीआयला गेला होता, हे तिच्या लक्षातच आलं नाही. यादी उपप्राचार्या हेमा पानसे यांच्याकडे गेली. पानसे मॅडम जन्मल्या शनिवार पेठेत आणि वाढल्या नारायण पेठेत. आवाज न चढवता माणूस कापण्याची कला त्यांना घरातूनच मिळाली होती. त्यांनी मुक्ताईला बोलावलं, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बिराजदार मॅडम, हा मुलगा गैरहजर राहून फारच छान बोलतो हो. हजर असता तर वीस दिले असतेत."

त्यांनी ते नाव खोडलं आणि यादी पुढे पाठवली. पण मुक्ताईला ते वाक्य उन्हाळाभर पुरलं. हजर असलेल्यांपैकी तरी कोण बोललं होतं, असं तिच्या मनात येत राहिलं. पुढच्या वर्षी बारावीवर गेली तेव्हा तिने ठरवलं, की यंदा तोंडी परीक्षा खरीखुरी घ्यायची.

नाताळच्या सुट्टीआधी तिने ती घेतली. वाचनालयात एका कोपऱ्यात टेबल मांडलं आणि मुलांना पाच-सहाच्या गटाने आत बोलावलं. पहिल्या गटात भाग्यश्री होती. वडील दारूगोळा कारखान्यात, घर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. वर्गात पहिली येणारी, मोत्यासारखं अक्षर, बोर्डात नाव काढील अशी सगळ्या शिक्षकांची खात्री.

"मागणीची लवचिकता म्हणजे काय?" मुक्ताईने विचारलं.

भाग्यश्रीने व्याख्या म्हटली. कुठेही अडली नाही. जिथे स्वल्पविराम होता तिथे मात्र बरोबर थांबली. मुक्ताईला ते कसंसंच वाटलं.

"छान. आता मला सांग, मिठाचा भाव दुप्पट झाला, तर तुमच्या घरी मीठ निम्मं आणतील का?"

"नाही."

"का नाही?"

भाग्यश्रीने वर पाहिलं, खाली पाहिलं. "मॅडम, हे नोट्समध्ये नाहीये."

"नोट्समध्ये नसू दे. तुला काय वाटतं?"

मुलीचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. शेजारच्या मुली तिच्याकडे पाहू लागल्या, तसे तिचे डोळे भरले. मुक्ताईने पुढचं नाव पुकारलं. भाग्यश्रीला मदत करण्यासारखं एक वाक्यही त्या क्षणी तिला सुचलं नाही. टेबलाच्या त्या बाजूला बसून काय होतं हे तिला पुरतं माहीत होतं. या बाजूला बसून काय करावं हे माहीत नव्हतं.

पुढचं नाव नबील बागवानचं होतं. त्याचे वडील मेहबूबभाई यांचं बुधवार पेठेत मोबाइलच्या सुट्या भागांचं दुकान. नबील संध्याकाळी तिथे बसायचा. लेखी परीक्षेत तो कसाबसा तरायचा, पण गिऱ्हाइकाशी बोलून बोलून जीभ सैल झालेली.

"मॅडम, सिंपल आहे," तो म्हणाला. "मीठ सोडा. रिचार्ज घ्या. रिचार्ज किती महाग झालं! कोणी बंद केलं? कोणीच नाही. म्हणजे मागणीचा नियमच राँग आहे. पुस्तक जुनं झालंय."

"कोणीच बंद केलं नाही?"

"कोणीच नाही."

"घरातल्या सगळ्यांचं चालू आहे?"

नबील जरा थांबला. "दादीचं बंद केलं. तिला काय लागतं, ती माझ्याच फोनवरून बोलते."

"मग?"

"दादी काउंट नाही होत ना, मॅडम."

मुलं हसली आणि नबीलला वाटलं आपण जिंकलो. मुक्ताई मात्र विचारात पडली. एकीला सगळं पाठ आहे आणि ती बोलत नाही. दुसरा बोलतोच आहे, पण बोलता बोलता आपल्याच घरातलं माणूस मोजणीतून वगळतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. दोघांनाही तिनेच शिकवलं होतं.

तिने जसे वाटले तसे मार्क दिले. भाग्यश्रीला नऊ. नबीलला अकरा. वर्गात पंधराच्या वर कुणी गेलं नाही. यादी पाहून पानसे मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नऊ? अहो, वर्गातल्या पहिल्या मुलीला नऊ?"

"तिला बोलता आलं नाही, मॅडम."

"बाकीच्या कॉलेजांत किती मिळतात, माहिती आहे ना? तिथली मुलं काही सभा गाजवत नाहीत. त्यांचे शिक्षक शहाणे आहेत, इतकंच."

"मग ही परीक्षा आहे कशाला?"

"ते बोर्डाला विचारा. मी खडकीत बसते." पानसे मॅडमनी यादी तिच्याकडे सरकवली. "हे पाहा, तुमचा प्रामाणिकपणा तुमच्याजवळ राहील. नऊ मार्क ती पोरगी घेऊन जाईल. प्रवेशाच्या यादीत तिच्या मागे राहायला हवीत ती मुलं तिच्या पुढे जातील, आणि ती तिच्यापेक्षा हुशार असतील असं काही नाही. यावर काय म्हणणं आहे आपलं?"

मुक्ताईने यादी उचलली. पानसे मॅडमचं बरोबर होतं, आणि मन मात्र ते मानायला तयार नव्हतं.

दोन दिवसांनी भाग्यश्रीची आई शैलाताई कॉलेजात आल्या. क्वार्टरमधल्या बायकांचे ब्लाउज शिवून देणाऱ्या, तोंडाच्या फटकळ. भांडायला आल्या असतील असं मुक्ताईला वाटलं, पण त्या शांतपणे समोर बसल्या.

"मॅडम, पोरगी घरी कशी बोलते म्हणून सांगू? बापाला ऐकत नाही. गॅसची टाकी महाग झाली तेव्हा दोघांचं अर्धा तास चाललं होतं, काय परवडतं आणि काय नाही. मग इथेच काय झालं?"

"ताई, मी साधाच प्रश्न विचारला होता."

"असंल साधा. पण दोन वर्षं तुम्ही बोललात, तिनं लिहिलं. तुम्ही म्हणालात स्वल्पविराम, तिनं स्वल्पविराम दिला. आणि शेवटच्या दिवशी म्हणालात, आता तू बोल. असं कुठं असतं का? आम्ही शिवण शिकवताना पोरीला आधी चार चिंध्या तरी फाडू देतो."

मुक्ताईला राग आला, आणि तो उतरायला संध्याकाळ झाली. राग उतरल्यावर मात्र तिने त्या बोलण्यात खोट शोधून पाहिली आणि ती सापडली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पानसे मॅडमपुढे उभी राहिली. याद्या फेब्रुवारीत जातात, तोवर मला पुन्हा परीक्षा घेऊ द्या, आणि मधले तास माझ्या पद्धतीने घेऊ द्या, असं तिने सांगितलं.

"आपली पद्धत म्हणजे?"

"अजून ठरली नाही."

पानसे मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "हे बरं आहे. घ्या. पोर्शन राहिला तर मात्र मी बोलेन, आणि मला तोंडी चांगलं जमतं."

मुक्ताईने उरलेल्या धड्यांच्या नोट्स झेरॉक्स करून वर्गात वाटून टाकल्या आणि सांगितलं, की हे घरी वाचा, वर्गात आपण बोलायचं. मुलांना आधी ही सुट्टीच वाटली. पहिले काही तास कुणीच काही बोललं नाही. ती प्रश्न टाकायची, मुलं एकमेकांकडे पाहायची, शेवटी तीच उत्तर द्यायची. मग एकदा तिने विचारलं, की रिक्षाने मीटरप्रमाणे जावं की ॲपवर जो भाव येईल त्याप्रमाणे. त्यावर मात्र वर्ग असा पेटला, की शेजारचे सर दारात येऊन उभे राहिले. सगळे एकदम बोलत होते. नबील बाकावर उभा होता. कोण काय म्हणालं हे कुणालाच सांगता आलं नसतं. आधी न बोलणारी मुलं होती आणि आता न ऐकणारी झाली, हीच काय ती प्रगती.

त्यातून वाट निघाली ती घरच्या भांडणातून. उत्तरेश्वरच्या मनात मोशीकडे फ्लॅट घ्यायचा होता. मुक्ताईला खडकीजवळच राहायचं होतं. एका रविवारी भाजी निवडता निवडता विषय निघाला, दोघं तावातावाने बोलू लागली, आणि उत्तरेश्वर एकदम म्हणाला, "थांब. मी आत्ता काय म्हणलो ते सांग बघू."

"काय म्हणजे? मोशीला जायचं म्हणलास."

"मी म्हणलो, मोशीला जायचं नसलं तरी एकदा बघून तरी येऊ. तू ऐकलंच नाहीस. माझं वाक्य संपायच्या आधी तुझं उत्तर तयार."

मुक्ताईने हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "हे चांगलं आहे."

"काय, मोशी?"

"नाही. हे. आधी समोरच्याचं सांगायचं."

"मला मार्क देणार आहेस का?" उत्तरेश्वरने विचारलं आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

सोमवारी तिने वर्गात नियम घातला. ज्याला बोलायचं असेल त्याने आधीचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचं. आधीच्याने मान डोलावली, तरच पुढे स्वतःचं म्हणायचं. नाही डोलावली, तर पुन्हा सांगायचं. मुलांना हा नुसता छळ वाटला. नबीलला तर एका मुलीचं म्हणणं तीनदा सांगावं लागलं आणि तिसऱ्यांदा तो रडकुंडीला आला. "मॅडम, हिचं सांगता सांगता माझा पॉइंट विसरलो." वर्ग हसला. मुक्ताई म्हणाली, "विसरलास तर जाऊ दे. चांगला असेल तर परत येईल." पण हळूहळू आवाज खाली आले. नियम पाळण्यासाठी ऐकावं लागत होतं, आणि ऐकलं की निम्म्या वेळा भांडायचं कारणच उरत नव्हतं. उरायचं ते भांडण मात्र भांडण्यासारखं असायचं.

भाग्यश्री या सगळ्यात बोलत नव्हती. दुसऱ्याचं म्हणणं सांगायची पाळी आली तर ती ते अचूक सांगायची, इतकं अचूक की मूळ बोलणारा चकित व्हायचा. स्वतःचं म्हणायची वेळ आली की खाली बसायची. मुक्ताईने तिला टोकलं नाही.

जानेवारीच्या मध्यावर किंमत नियंत्रणाचा विषय आला. सरकारने एखाद्या वस्तूच्या भावावर कमाल मर्यादा घातली तर काय होतं? मुक्ताईने उदाहरण घेतलं ते तिच्या अगदी ओळखीचं: सदाशिव पेठेतल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या. लातूरहून येऊन आपण कशा राहिलो, सहा कॉटांत मिळून एक न्हाणी कशी होती, दर जूनला भाडं कसं वाढायचं, तक्रार केली तर 'बाहेर रांग आहे' असं मालकीणबाई कशा ऐकवायच्या, हे तिने सांगितलं. इतकं स्वतःबद्दल ती वर्गात कधी बोलली नव्हती. मुलं कान देऊन ऐकत होती. "म्हणून मला वाटतं," ती शेवटी म्हणाली, "अशा खोल्यांच्या भाड्यावर मर्यादा हवीच. गरजवंताची अडवणूक होता कामा नये."

वर्गाने मान डोलावली. मॅडमचंच म्हणणं, त्याला कोण नाही म्हणणार? तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून हात वर आला. भाग्यश्रीचा.

ती उभी राहिली. बाकाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती. "मॅडम, तुम्ही म्हणालात की भाडं वाढवून मालक विद्यार्थ्यांची अडवणूक करतात, म्हणून सरकारने मर्यादा घालावी."

मुक्ताईने मान डोलावली.

"पण मॅडम, तसं असतं तर... तर तुम्हाला खोली मिळालीच नसती."

वर्गात पुन्हा पंखा ऐकू येऊ लागला.

"म्हणजे?" मुक्ताई म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कडक निघाला. भाग्यश्री थबकली. आता ही खाली बसणार, असं मुक्ताईला वाटलं. आणि बसली असती तर आपल्याला बरं वाटलं असतं, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

भाग्यश्री बसली नाही. "म्हणजे, भाडं कमी ठेवायला लागलं तर ती बाई सहा कॉट कशाला टाकेल? तीन टाकेल. किंवा खोली बंद ठेवेल. आणि बाहेर रांग तर आहेच. मग ती तिघी कुठल्या निवडेल? ओळखीतल्या. आपल्या नात्यातल्या. पुण्यातल्याच कुणीतरी सांगितलेल्या. लातूरहून आलेली, ओळख नसलेली मुलगी... तिला ती कशाला घेईल? जास्त भाडं देते म्हणून तरी घेतलं ना तुम्हाला."

मुक्ताईला ते दार आठवलं. त्या घराच्या दारात बॅग घेऊन ती आणि वडील उभे होते, मालकीणबाईंनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, आणि मग भाडं आगाऊ आहे हे कळल्यावर दार पुरतं उघडलं. हे तिने वर्गाला सांगितलं नव्हतं. मुलीने ते तर्काने काढलं होतं.

"असं नाही होत," मुक्ताई म्हणाली. "गरजवंताने कितीही पैसे मोजावेत असं तुझं म्हणणं असेल तर—"

"मॅडम, रूल!" मागून नबील ओरडला.

सगळा वर्ग तिच्याकडे पाहू लागला. तिने नबीलकडे पाहिलं, मग भाग्यश्रीकडे. नियम तिचाच होता.

"भाग्यश्रीचं म्हणणं असं," ती म्हणाली, "की मालकांना हवं ते भाडं घेऊ द्यावं."

"नाही, मॅडम. तसं नाही म्हणाले."

"बरं. मर्यादा घातली तर खोल्या कमी होतील."

"हो, पण तेवढंच नाही."

मुक्ताईने खडू टेबलावर ठेवला. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत ती बोलू लागली. "भाव बांधून दिला, तरी टंचाई तशीच राहते. मग खोली कुणाला मिळणार हे पैशांवर ठरत नाही, ओळखीवर ठरतं. आणि ज्याची ओळख नाही... तो बाहेरचा बाहेरच राहतो. ज्याच्यासाठी कायदा केला, तोच."

भाग्यश्रीने मान डोलावली. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती जरा हसलीही.

"आता माझं," मुक्ताई म्हणाली. "ओळखीवर ठरणं वाईट, हे कबूल. पण पैशांवर ठरणं चांगलं कसं? माझ्या वडिलांनी भरलं. ज्यांचे वडील भरू शकले नाहीत, त्या मुली रांगेतच नव्हत्या. त्या तुझ्या हिशेबात कुठे आहेत?"

"त्या काउंट होत नाहीत," कुणीतरी मागून म्हणालं आणि नबीलला कोपर लागलं. नबील लाल झाला. मग तोच उठला. "मॅडम, दोघींचं सांगू का? भाग्यश्री म्हणते, बांधलेल्या भावात ओळख नसलेला बाहेर पडतो. तुम्ही म्हणता, मोकळ्या भावात पैसे नसलेला बाहेर पडतो." त्याने दोघींकडे पाहिलं. दोघींनी मान डोलावली. "म्हणजे... खोल्याच जास्त पाहिजेत."

घंटा झाली. कुणी उठलं नाही. मग एकदम सगळे उठले आणि डबे उघडण्याचे आवाज सुरू झाले.

त्या दुपारी मुक्ताई स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसली. आपल्या वर्गात एका मुलीने आपल्याला खोडून काढलं आणि आपण तिचं म्हणणं तिचं समाधान होईपर्यंत पुन्हा बोलून दाखवलं, याचा आनंद मानावा की लाज वाटावी, हे तिला ठरवता येत नव्हतं. दोन्ही थोडं थोडं वाटत होतं.

फेब्रुवारीच्या आरंभी दुसरी तोंडी परीक्षा झाली. पानसे मॅडम न सांगता येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. भाग्यश्री बोलली ती अडखळत, मध्येच स्वतःचं वाक्य मागे घेत. निर्देशांकावर एक उत्तर देता देता ती म्हणाली, "नाही, हे चुकलं माझं, पुन्हा सांगते." नबीलने उत्तराआधी चक्क क्षणभर विचार केला. सगळेच काही सुधारले नव्हते. पाच-सहा मुलं पहिल्यासारखीच गप्प राहिली आणि त्यांना मुक्ताईने पहिल्यासारखेच मार्क दिले. त्या मुलांच्या मार्कांवर पानसे मॅडमनी स्वतःच्या अधिकारात काय केलं हे मुक्ताईने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "अडखळतात फार. पण ऐकवतं."

बोर्डाचा निकाल लागला तेव्हा अर्थशास्त्राचा आकडा किंचित घसरला होता. फार नाही, पण अहवालात ठळक टायप देण्याइतका उरला नाही. संस्थेच्या बैठकीत यावर चर्चा झाली. काही पालकांनी तक्रार केली होती, की वर्गात नुसत्या गप्पा चालतात आणि नोट्स सांगत नाहीत. मधला मार्ग म्हणून असं ठरलं, की एका तुकडीला बिराजदार मॅडम त्यांच्या पद्धतीने शिकवतील आणि दुसऱ्या तुकडीला नवे शिक्षक जुन्या पद्धतीने. गाइडवाल्या प्रकाशकाचा फोन त्या उन्हाळ्यात नव्या शिक्षकांकडे गेला.

भाग्यश्रीला शिवाजीनगरच्या एका कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश मिळाला. नबील अर्थशास्त्रात काठावर पास झाला. तो आता दुकान सांभाळून बाहेरून शिकतो. पोरगा पूर्वीसारखा बोलत नाही, गिऱ्हाईक काय म्हणतं ते आधी ऐकून घेतो, असं मेहबूबभाई सांगतात. धंद्याला ते बरं की वाईट, हे त्यांना अजून उमगलेलं नाही.

यंदा जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत शैलाताई पुन्हा दिसल्या. बरोबर धाकटी, नम्रता. मुक्ताईला वाटलं, आपल्याच तुकडीसाठी आल्या असणार. ती पुढे झाली. शैलाताईंनी तिचा हात धरून बाजूला घेतलं.

"मॅडम, रागावू नका. हिला दुसऱ्या तुकडीत टाका."

"का हो, ताई?"

"तुमचे उपकार आहेतच. पण मोठीला आता काहीही बोललं की आधी माझंच बोलणं मला ऐकवते आणि मग विचारते, 'आई, असंच म्हणायचंय ना तुला?' मग दहा प्रश्न. तिच्या बापानं टीव्हीवर बातम्या लावायच्या सोडल्या. घरात अशी एक पुरे झाली."

नम्रता आईच्या मागे उभी राहून दोघींकडे आळीपाळीने पाहत होती.

मुक्ताई हसली. तिने नम्रताचा अर्ज घेतला, वर दुसऱ्या तुकडीचं अक्षर लिहिलं आणि पानसे मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. मग जिना चढून ती आपल्या वर्गाकडे गेली. नव्या मुलांचा तिथे आधीच गलका चालू होता.